रायडिंग स्कूलमधल्या म्हाताऱ्या घोड्याला घर शोधताना

रायडिंग स्कूलचा घोडा 18-20 वर्षांचा झाला की एखाद्या पायानं लंगडायला लागतो, पाठ खाली बसते आणि मालक हिशेबाची वही उघडतो. नीट सांभाळलेला घोडा 25, कधी 30 वर्षंही जगतो. म्हणजे कमाई थांबल्यावरही सात-आठ वर्षांची चंदी (दाणा-खाणं) बाकी असते. मोठ्या क्लबांना हे झेपतं. पुण्या-नाशकाच्या बाहेर भाड्याच्या जागेवर सहा-आठ घोडे ठेवून चालवलेल्या स्कूलला झेपत नाही, कारण तिथे एक ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा, अडलं की एका कमावत्या घोड्याची जागा गेली.

मग दोन सोपे रस्ते दिसतात. एक, दलालाला विकून टाकणं. दुसरा, ‘चांगल्या माणसाला’ फुकट देणं. दुसऱ्या रस्त्यानं निदान रात्री झोप लागते, पण फुकट दिलेला घोडा काही महिन्यांत त्याच दलालाच्या दावणीला पोचू शकतो. माझं सांगणं एवढंच आहे: घोडा द्यायचा तर चाऱ्याच्या पैशासकट द्या, आणि मालकी स्वतःकडे ठेवा. ऐकायला हे महाग वाटतं. हिशेब खाली मांडलाय, तो बघून ठरवा.

सुरुवात घोडा लंगडायच्या आधी

घर शोधायला सहा महिने सहज जातात. त्यामुळे घोडा 16-17 वर्षांचा झाला की त्याच्या नावापुढे खूण करा. उड्या बंद, जड स्वार बंद, आठवड्यातले तास कमी. लहान मुलांना चालीवर फिरवणं, खरारा करणं आणि मोहरकी (तोंडाला बांधायची दोरी) घालणं शिकवण्याचे जमिनीवरचे तास अशी कामं त्याच्याकडे ठेवली तर तो दोन वर्षं अर्धी चंदी तरी स्वतः कमावतो. या काळात तुम्ही शांतपणे माणसं शोधू शकता. जो मालक ‘या महिन्यात जागा रिकामी करायचीय’ म्हणून फोन फिरवतो, त्याला पहिला होकार देणारा माणूस बहुधा चुकीचाच भेटतो.

घोड्याचा कागद तयार करा

समोरच्याला पहिली गोष्ट दाखवायची ती एक पानी कागद. वय, जात, गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा) की घोडी, कोणता पाय दुखतो, दातांची स्थिती, खाणं, सवयी, झालेली लसीकरणं (धनुर्वात आणि रेबीज तरी हवीच), शेवटचं जंताचं औषध. रेसकोर्सवरून आलेला थरोब्रेड असेल तर त्याच्या अंगात बहुधा मायक्रोचिप असते. तो नंबर रीडरनं वाचून कागदावर घ्या. पुढे घोडा ‘हरवला’ तर ओळख पटवायला याहून पक्का पुरावा नाही.

वजन डोळ्यानं सांगू नका, लांब, मऊ टेपनं काढा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. उत्तर किलोत येतं. घेर 170 आणि लांबी 155 असेल तर घोडा साधारण 377 किलोचा. आकडा अगदी काटेकोर नसतो, पण चाऱ्याचा हिशेब आणि जंताच्या औषधाचा डोस यांना पुरतो. दर महिन्याला त्याच टेपनं मोजलं की घोडा नव्या जागी उतरतोय की भरतोय हेही कळतं.

दात मात्र पशुवैद्याकडूनच बघून घ्या. तोवर एक गोष्ट तुम्हीही तपासू शकता: घोडा खात असताना त्याच्या तोंडाखाली बघा. चघळून चोथा झालेल्या गवताचे बोटभर लांब ओले गोळे खाली पडत असतील तर त्याच्या दाढांत बिघाड आहे. असा घोडा समोर गंजी असूनही उपाशी राहतो. त्याला गवताची बारीक कुट्टी करून, भिजवून द्यावी लागते. हे काम रोज दोनदा करणारा माणूस आहे का, यावर त्याचं घर ठरेल.

उन्हाळा लागला तरी अंगावरचे लांब केस गळत नसतील, घोडा पाणी जास्त पीत असेल, तर तेही पशुवैद्याला सांगा. म्हाताऱ्या घोड्यांत संप्रेरकांचा एक आजार असतो, त्याची ही लक्षणं. त्यातून खुरांची सूज येते आणि मग गोड, पिठूळ खाणं बंद करावं लागतं.

आणखी एक कागद लागतो, ग्लँडर्सच्या तपासणीचा. हा रोग घोड्यातून माणसालाही होतो आणि सापडला तर शासनाला कळवणं बंधनकारक आहे. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्ताचा नमुना द्या. या रोगाच्या निदानाचं देशातलं मुख्य ठिकाण म्हणजे हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. अहवालाला वेळ लागतो, म्हणून टेम्पो ठरवण्याच्या बरंच आधी रक्त गेलेलं बरं.

महिन्याचा हिशेब

निवृत्त घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. वरच्या 377 किलोच्या घोड्याला सहा ते साडेसात किलो. सांडलवंड धरून आठ. महिन्याला 240 किलो. गवत किलोला 10 रुपये धरलं तर 2,400. चंदी दिवसाला दोन किलो, किलोला 30 धरून 1,800. नालबंदाचे महिन्याला 300 बाजूला काढा. नाल ठोकायची गरज नसते, पण दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापावेच लागतात. औषध, लस, जंत यांसाठी 500. एकूण 5,000. दर समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गावचे घालून बघा.

आता हाच घोडा तुमच्या स्कूलमध्ये किती खातो ते मांडा. जागेचं भाडं, साईसचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) पगार, पाण्याचा टँकर, भुसा. आकडा बहुतेक ठिकाणी दुपटीच्या वर जातो. म्हणजे शेतावर ठेवून चाऱ्याचे सगळे पैसे तुम्ही दिलेत तरी महिन्याला पैसे वाचतात आणि ठाण रिकामं होतं. फुकट देऊन जे वाचवायला निघालो होतो, त्यातलं बरंचसं असंही वाचतं.

पैसे कुठून आणायचे

सगळ्यात सोपा मार्ग फीमधून. सगळ्या घोड्यांचे मिळून रोजचे 20 तास, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 500 तास. प्रत्येक तासामागे 20 रुपये ‘निवृत्त घोडे निधी’ म्हणून लावले तर महिन्याला 10,000 जमतात. दोन घोड्यांचा संसार झाला. पावतीवर ही ओळ वेगळी छापा. पालक कुरकुरत नाहीत, कारण ज्या घोड्यावर त्यांचं पोर पहिल्यांदा बसलं त्याचंच नाव तिथे असतं.

दुसरा मार्ग जुन्या विद्यार्थ्यांचा. दहा घरांनी महिन्याला 500 दिले की एक घोडा सुटला. पण देणगीचा उत्साह पहिल्या दिवाळीपर्यंत टिकतो, म्हणून वर्षाचे पैसे एकदम घ्या. आणि स्कूल म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळेल अशी पावती देतो असं चुकूनही सांगू नका. ती सवलत हवी असेल तर नोंदणीकृत संस्थेला मध्ये घ्यावं लागेल.

कोणाला विचारायचं, कोणाला नाही

पहिली यादी तुमच्याच वहीत आहे: आजी-माजी विद्यार्थ्यांचे पालक. मुळशी, भोर, दिंडोरी, कर्जत या भागांत कुणाचं ना कुणाचं शेत किंवा फार्महाऊस असतंच. मग द्राक्षबागा, आंब्याच्या बागा. एका घोड्याची लीद वर्षभरात काही टन भरते, आणि बागायतदाराला ती खताच्या भावात समजते. गावाकडे शेळी अर्धलीनं देतात, मालकी एकाची आणि सांभाळ दुसऱ्याचा, तसंच हे आहे. शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

घोड्यांची पैदास करणारे स्टड फार्म विसरू नका. आईपासून नुकत्याच तोडलेल्या शिंगरांच्या कळपात एखादा शांत, म्हातारा गेल्डिंग सोडला की शिंगरं धुमाकूळ घालत नाहीत. तुमचा घोडा स्वभावानं गरीब असेल तर हे त्याच्यासाठी उत्तम काम. मोठं आवार असलेल्या निवासी शाळाही विचारून बघा, मात्र तिथे मे महिन्याच्या सुट्टीत घोड्याला कोण बघतं हे आधी विचारा.

कृषी पर्यटन केंद्रांबाबत माझं मत जरा कडक आहे. जागा चांगली असते, चारा असतो, माणसंही प्रेमळ असतात. पण शनिवार-रविवारी पन्नास पोरं आली की ‘एकच चक्कर हो दादा’ सुरू होतं, आणि संध्याकाळपर्यंत त्या एका चकरेच्या चाळीस झालेल्या असतात. द्यायचंच असेल तर खोगीर पाठवू नका.

गोशाळांचं अवघड आहे. नियत साफ असते, पण खाणं गायीचं असतं. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गायीला ते पचतं, घोड्याच्या हृदयावर घाव घालतं, आणि थोड्या मात्रेतही जीव जाऊ शकतो. युरिया घातलेलं खाद्यही नको. घोड्याचं खाणं वेगळ्या कोठीत, वेगळ्या घमेल्यात ठेवायची तयारी असेल तरच पुढे बोला.

साफ नाही म्हणायचं ते वरातीवाल्यांना, टांगेवाल्यांना आणि शर्यतवाल्यांना. पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. एखादी चपळ दिसणारी 18 वर्षांची थरोब्रेड घोडी बघून डोळे चमकणारी माणसं भेटतात. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याला भरणारा घोडेबाजार उमद्या जनावरांचा आहे. संधिवाताचा घोडा तिथे विकत घेणारा त्याचं काय करणार, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. ‘मी इतके घोडे एकदम नेतो, गाडीभाडंही माझं’ म्हणणारा तर हमखास दलाल.

प्राणी-संस्थांकडे शेवटी जा. सांगलीची अ‍ॅनिमल राहत, पुण्याची रेस्क्यू यांसारख्या संस्था जखमी, टाकलेल्या जनावरांतच बुडालेल्या असतात. धडधाकट म्हातारा घोडा घ्या म्हणून त्यांच्या दारात नेऊन बांधणं हा अन्याय आहे. सल्ला, पशुवैद्य, ओळखी यांसाठी मात्र जरूर फोन करा.

2015 साली मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायचा आदेश दिला, तेव्हा इतक्या घोड्यांचं पुढे काय, हा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. काम थांबल्यावर चारा कोण घालणार हे कुणी आधी ठरवलेलं नसलं की असंच होतं.

जाहिरात खरी लिहा

गोड फोटो आणि ‘प्रेमळ घर हवं आहे’ यानं शंभर लाइक आणि शून्य घरं मिळतात. साधारण असं लिहा:

‘घोडी, कुमैत रंगाची, वय 21. उजव्या पुढच्या गुडघ्यात संधिवात. चालते, चरते, पण तिच्यावर कुणीही बसायचं नाही. दाढा झिजल्यात, कुट्टी भिजवून द्यावी लागते. नालबंदाला त्रास देत नाही, ट्रॅक्टरला बिचकते. एकटी राहत नाही, जवळ दुसरा घोडा हवा. चाऱ्याचे पैसे दर महिन्याला आम्ही देऊ. मालकी स्कूलकडे राहील. पुण्यापासून 60 किलोमीटरच्या आत.’

शेवटची अट फार महत्त्वाची. अंतर वाढलं की तुमच्या फेऱ्या कमी होतात. साठ किलोमीटरवरचं साधं शेत तीनशे किलोमीटरवरच्या हिरव्यागार फार्मपेक्षा बरं.

जागा बघायला जाल तेव्हा

न सांगता जाता आलं तर उत्तम. आधी तिथली बाकीची जनावरं बघा. बैलाच्या मानेवर, कुत्र्याच्या फासळ्यांवर मालकाचा स्वभाव दिसतो. मग कुंपण. काटेरी तार असेल तर नको. घोडा दचकला की थांबत नाही, तार अंगातून ओढून नेतो. कठडा नसलेली विहीर बघा. कुंपणाला लावलेली झाडं बघा: फार्महाऊसवाल्यांना कण्हेर फार आवडते, आणि तिची मूठभर पानं घोड्याला मारायला पुरतात. एरंड आणि घाणेरीही नको.

पाणी रोज 25 ते 50 लिटर लागतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये विहिरीला किती असतं ते शेजाऱ्याला विचारा. चाऱ्यात काय आहे ते हातात घेऊन, वास घेऊन बघा. बुरशीचा वास येणारी गंजी बैल खाईल, घोडा पोटशुळानं लोळेल. कोवळी हिरवी ज्वारी घालू नये, हे शेतकऱ्याला गायीच्या अनुभवावरून माहीत असतं. नुसत्या उसाच्या वाढ्यावर घोडा ठेवला तर हाडांतला कॅल्शियम जातो, हे बहुतेकांना माहीत नसतं. भरपूर कोंड्यानंही तेच होतं, आणि तो तर लाडानं घातला जातो.

कोकणात द्यायचं असेल तर चार महिन्यांच्या पावसात उभं राहायला कोरडी, उंच जमीन आहे का बघा. सतत चिखलात खूर सडतात. देशावर हा त्रास कमी, तिथे सावली महत्त्वाची. पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्यांमुळे सर्रा नावाचा रोग होतो: ताप येतो-जातो, पाय आणि पोटाखाली सूज चढते, घोडा वाळत जातो. गावच्या पशुवैद्यानं घोडा क्वचितच हाताळलेला असतो, त्यामुळे जवळचा घोड्यांचा डॉक्टर कोण, हे तुम्ही शोधून द्यायचं. पुणे-साताऱ्याच्या पट्ट्यात शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचं.

करार

आता 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर लागतो. तो आणि नोटरी, एवढाच खर्च. घोड्याचं वर्णन, मायक्रोचिप नंबर आणि चारही बाजूंचे फोटो जोडा. मालकी स्कूलची. स्वारी, वरात, शर्यत, पैदास यांपैकी काहीही नाही. घोडा दुसऱ्याला द्यायचा नाही, दुसऱ्या जागी हलवायचा नाही. सांभाळणाऱ्याला जमेनासं झालं तर महिनाभर आधी कळवायचं आणि घोडा तुम्ही परत न्यायचा. या शेवटच्या कलमासाठी तुमच्याकडे एक ठाण कधीही रिकामं करता येईल अशी सोय हवी, नाहीतर ते नुसतं कागदावर राहतं.

डॉक्टरचा खर्च किती रकमेपर्यंत शेतकऱ्यानं तुम्हाला न विचारता करावा, तो आकडा लिहा. मध्यरात्री पोटशूळ उठला आणि तुमचा फोन लागला नाही तर त्यानं वाट बघत बसू नये. आणि घोडा वाचणार नाही अशी वेळ आली तर निर्णय कोण घेणार, हेही आत्ताच लिहून ठेवा. बोलायला जड जातं, पण लिहा.

पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यावर, आणि त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर घोड्याचा बाजूनं काढलेला फोटो आणि टेपचा आकडा. हे जमलं की बाकी विश्वास आपोआप जमतो.

नेताना

प्राणी वाहतुकीचे 1978 चे नियम घोड्यांनाही लागू आहेत. पशुवैद्याचं प्रवासाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र गाडीत हवं. टेम्पोची फळी घसरडी नको, दोन घोड्यांमध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू, तोंड डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर, आणि वेग ताशी 35 किलोमीटरपर्यंत. ड्रायव्हर हसेल. त्याला आधीच वेळेचे पैसे ठरवून द्या, किलोमीटरचे नाही, म्हणजे घाटात तो घाई करत नाही. उन्हाळ्यात पहाटे चारला निघा. सोबत त्याचा नेहमीचा साईस पाठवा.

घोड्याबरोबर दोन आठवड्यांचा त्याचा जुना चारा आणि चंदी जाऊ द्या. नवं खाणं 10 ते 14 दिवसांत हळूहळू मिसळायचं. नव्या हौदाचं पाणी म्हातारे घोडे कधीकधी तोंडात घेत नाहीत, म्हणून त्याची जुनी बादलीही पाठवा. पहिला पंधरवडा लीद मोजायला सांगा. दिवसातून सहा-सात वेळा तरी पडायला हवी. दोन-तीनवर आली, गोळे सुके आणि लहान झाले, तर आतडं अडकतंय, डॉक्टरला बोलवा. कळपातल्या दुसऱ्या घोड्याशी पहिले दोन-तीन दिवस कुंपणाआडून ओळख होऊ द्या.

तुमची पहिली फेरी आठवड्याच्या आत, नंतर पहिलं वर्षभर महिन्याला एक. साईसला बरोबर न्या. घोडा किती उतरलाय हे त्याला हात फिरवूनच कळतं.

घर मिळालंच नाही तर

काही घोड्यांना मिळत नाही. सतत वेदना, उठताना पाय न धरणं, औषधानंही न थांबणारी खुरांची सूज असलेला घोडा दुसऱ्याच्या शेतावर पाठवणं म्हणजे शेवटचे महिने अनोळखी माणसांत काढायला लावणं. तसाच सोडून देणं तर 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. अशा वेळी पशुवैद्याचं लेखी मत घेऊन, घोड्याला त्याच्या ओळखीच्या ठाणावर, ओळखीच्या माणसाच्या हातात शांतपणे निरोप देणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. सगळ्यांना पटेल असं नाही.

त्याचीही तयारी आधी लागते. ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला विचारून जागा ठरवा, विहीर आणि ओढ्यापासून लांब. जेसीबीचा नंबर जवळ ठेवा. चारशे किलोचं शरीर माणसांना उचलत नाही. खड्डा खोल हवा, वर चुना आणि मातीचा उंच थर. इंजेक्शनमधलं औषध शरीरात राहतं आणि ते मांस खाल्लेली कुत्री, गिधाडं मरतात, त्यामुळे उघड्यावर टाकायचं नाही आणि कातडं काढायला कुणालाही द्यायचं नाही.